जोलिंडा तळ्याच्या बांधावरचं झाड

वेंडेल प्रुएट धरण समितीचा अध्यक्ष झाला तो बटाट्याच्या सॅलडमुळे. जोलिंडा तळ्याच्या रहिवासी संघाची वार्षिक सभा चर्चच्या तळघरात चालली होती. सगळ्यांनी घरून एकेक पदार्थ आणला होता आणि वेंडेलचं सॅलड गाडीतच राहिलं होतं. तो ते आणायला गेला. परत येतो तर टाळ्या. त्याला वाटलं, सॅलडसाठीच. सारा जन्म शाळेतल्या पोरांना बँड शिकवण्यात गेलेला. टाळ्या ऐकल्या की मान आपोआप लवायची. ती लवली, आणि सेक्रेटरीबाई नॅडीन केसलर हिने तीच संमती म्हणून टिपून घेतली.

तसं या पदाला काम असं काही नव्हतं. मुळात तिथे धरण आहे हेच कुणाला वाटत नसे. ओहायोच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांत एका बिल्डरने ओढ्याच्या तोंडाशी मातीचा उंच बांध घातला, मागे पाणी साठवलं, भोवताली प्लॉट पाडून विकले, तळ्याला आपल्या जो आणि लिंडा या दोन मुलींचं नाव दिलं आणि फ्लोरिडाला निघून गेला. दोन्ही मुलींनी हे तळं कधी पाहिलं की नाही, देव जाणे. बांध मात्र लोकांच्या फिरायला उपयोगी पडला. त्याच्यावरून सूर्यास्त छान दिसे. चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, नावा सजवून मिरवणूक निघे, तेव्हा खुर्च्या टाकून बसायला जागा होई. बांधाच्या पलीकडे, खालच्या अंगाला काय आहे याचा विचार कोण करतो? तिकडे सूर्यास्त नव्हता.

अध्यक्षपद मिळालं त्याच उन्हाळ्यात वेंडेलची बायको लोर्ना गेली. फार दिवस आजारी नव्हती, फार बोललीही नाही. लोक जेवणाचे डबे घेऊन आले, खांद्यावर हात ठेवून गेले, आणि मग घर असं शांत झालं की वेंडेलला फ्रिजचा आवाज ऐकू येऊ लागला. त्याने ठरवलं, लोर्नाच्या नावाने एक झाड लावायचं. एकच. विलोचं, पाण्याकाठी वाढणाऱ्या लोंबत्या फांद्यांचं, कारण तिला ते आवडे. आणि बांधावर, कारण संध्याकाळी दोघं तिथेच बसायची. लोर्नाला डाव्या कानाने ऐकू येत नसे, म्हणून वेंडेल नेहमी तिच्या उजव्या हाताला बसे. चुकून डावीकडे बसला की ती गोड हसून होकार द्यायची आणि त्याचं एक अक्षरही तिच्यापर्यंत पोचलेलं नसायचं. लग्नातली काही वर्षं त्यामुळे फार सुखाची गेली.

आता खड्डा खणायचा म्हणजे केवढंसं काम. पण शेजारी असताना कुठलंही काम तेवढंच राहत नाही. भर ऑगस्ट, पाऊस नाही, जमीन नुसती विटेसारखी. पहिल्या घावाला फावडं उडून वेंडेलच्या नडगीवर बसलं. हे सगळं आपल्या गच्चीवरून बघत होता डॅरल होस्टेटलर. घरोघरच्या मैल्याच्या टाक्या उपसण्याच्या धंद्यातून निवृत्त झालेला माणूस. जमिनीखाली जे जे असतं त्यात आपल्याला सगळ्यांपेक्षा जास्त कळतं, अशी त्याची पक्की समजूत होती.

"वेंडेल, हे फावडं आहे. ट्रॉम्बोन नाही. पुढे-मागे करून काही होणार नाही."

ट्रॉम्बोनचा विषय काढायची डॅरलला काही गरज नव्हती. तरुणपणी वेंडेल रोज संध्याकाळी घरामागच्या, तळ्यात शिरलेल्या लाकडी धक्क्यावर उभा राहून ट्रॉम्बोन, म्हणजे पुढे-मागे सरकणाऱ्या नळीचं ते पितळी वाद्य, वाजवायचा. एके दिवशी ते वाद्य पेटीसकट गायब झालं. वेंडेलने शेरीफला, तिथल्या पोलीसप्रमुखाला, बोलावलं आणि संशयित म्हणून शेजाऱ्याचं नाव सांगितलं, कारण "हे बंद कर नाहीतर मी काहीतरी करीन" असं डॅरल आदल्याच आठवड्यात चारचौघांत म्हणाला होता. शेरीफने डॅरलच्या टाकीच्या ट्रकमध्येसुद्धा टॉर्च मारून पाहिलं. मिळालं काहीच नाही. तेव्हापासून दोघांचं बोलणं होई, पण प्रत्येक बोलण्याला मागून एक काटा असे. लोर्ना मात्र दर ख्रिसमसला डॅरलकडे अक्रोड घातलेला केळ्याचा केक पोचवायची. स्वतःच्या नवऱ्याच्या चोराला केक! वेंडेलला तो अपमान कधीच गिळता आला नाही.

तर, डॅरलकडून खणायचं यंत्र उसनं मागण्यापेक्षा वेंडेलने स्वतःच जागा शोधायचं ठरवलं. बांधाच्या माथ्यावर खणून पाहिलं, नाही. खालच्या उताराला थोडं उतरून पाहिलं, आणि काय आश्चर्य, एका जागी फावडं लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं. सगळी जमीन तडकलेली आणि एवढाच तुकडा मऊ, गार, काळसर. वेंडेल धार्मिक म्हणावा असा नव्हता, पण त्या मातीवर तळवा टेकून तो खाली बसला. लोर्नानेच जागा दाखवली असं त्याला वाटलं, आणि त्याने फार विचार केला नाही.

झाड असं फोफावलं की बघत राहावं. कधी पाणी घालावं लागलं नाही. दुसऱ्या वर्षी फांद्या वेंडेलच्या टोपीला लागू लागल्या. त्याने शेजारी बाक टाकला, पितळी पाटी बसवली, आणि रोज संध्याकाळी तिथे जाऊन झाडाच्या उजव्या बाजूला बसून लोर्नाला दिवसभराचं सांगू लागला.

इथेच थांबलं असतं तर बरं होतं. पण जोलिंडा तळ्यावर एकाने केलं ते दुसऱ्याने केलं नाही असं कधी झालंय? आधी कुणाच्या नवऱ्याच्या नावाने मेपल आलं. मग कुणाच्या आईच्या नावाने ओक. मग ज्यांच्या घरी कुणी गेलेलं नव्हतं त्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं, आणि त्यांनी आजी-आजोबा उकरून काढले. नॅडीनने तिच्या बेंजी नावाच्या ठेंगण्या कुत्र्याच्या स्मरणार्थ रानसफरचंद लावलं. त्याची पाटी लोर्नाच्या पाटीपेक्षा मोठी होती. वेंडेल म्हणाला, "छान आहे हो," आणि घरी येऊन रात्री जेवला नाही.

आणि मग पत्र आलं. राज्याच्या धरणं तपासणाऱ्या खात्याकडून. बांधाच्या खालच्या खोऱ्यात चर्चने मुलांच्या उन्हाळी शिबिरासाठी नव्या खोल्या बांधल्या होत्या. त्यामुळे कालपर्यंत कुणाच्या खिजगणतीत नसलेला हा बांध आता सर्वांत धोक्याच्या वर्गात गेला होता. धरण तेच, पाणी तेच. खाली माणसं आली, एवढंच.

तपासायला आल्या मिस लूमिस. तरुण, शांत, चिखलाचे बूट. बांधावर चढल्या आणि गप्प उभ्याच राहिल्या. वेंडेलला वाटलं, सूर्यास्ताने भारावल्या. सकाळचे दहा वाजले होते हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

"मिस्टर प्रुएट, ही झाडं कशी काय?"

"स्मृतिवन आहे आमचं," वेंडेल अभिमानाने म्हणाला. "सुरुवात मी केली."

मिस लूमिसनी त्याच्याकडे जे पाहिलं त्यात राग नव्हता. राग असता तर बरं, असं त्याला वाटून गेलं. त्या म्हणाल्या, "मातीच्या धरणावर झाड लावत नाहीत हो. मुळं आत शिरतात, पाणी त्यांच्या कडेने वाट काढतं. मूळ कुजलं की तिथे नळीच तयार. वादळात झाड उपटलं तर अर्धा बांध घेऊन जाईल. ही सगळी काढावी लागतील."

"सगळी?"

"सगळी. आणि हे सगळ्यात आधी." त्या लोर्नाच्या झाडापाशी वाकल्या होत्या. बुटाखाली पचपच आवाज येत होता. "हे कुणी लावलं?"

आता इथे कुठलाही शहाणा माणूस काय करेल? हो म्हणेल, मान खाली घालेल, करवत आणेल. वेंडेलने तसं केलं नाही. त्याने खात्याला विचारलं, विलो हे झाड न मानता झुडूप मानता येईल का. खात्याने कळवलं, येणार नाही. त्याने झाडं मुळासकट हलवणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याने झाड पाहिलं, बांध पाहिला, मागचं पाणी पाहिलं आणि जरा लांब जाऊन सांगितलं की त्याच्या यंत्राला आज जमणार नाही, आणि उद्याही. मग वेंडेलने जुनी झाडं जपणाऱ्या कचेरीला गाठलं. तिथल्या बाईंनी विचारलं, झाडाचं वय? वेंडेलने सांगितल्यावर त्यांनी फार सभ्यपणे फोन ठेवला.

सभेत तर रणधुमाळी. सगळ्यांना तळं हवं होतं, सगळ्यांना झाड हवं होतं, आणि खर्च मात्र दुसऱ्या कुणीतरी करावा असं सगळ्यांचं मत होतं.

"माझ्या बेंजीने कुणाचं काय वाकडं केलं?" नॅडीन रडत म्हणाली. "एवढंसं रानसफरचंद. त्याने कसलं धरण फुटतंय?"

"फुटेल," डॅरल म्हणाला. "पण आधी वेंडेलच्या झाडाखाली फुटेल. ती जागा भर दुष्काळात ओली होती, मी गच्चीवरून बघितलंय. तेव्हाच म्हणणार होतो."

"मग म्हणाला का नाहीस?"

"शेवटचं काही म्हणालो होतो तेव्हा तू शेरीफला बोलावलंस."

वेंडेलने सॅलड गोळा केलं आणि तो घरी आला. त्याला राग डॅरलचा आला नव्हता. फावडं मऊ मातीत शिरलं त्या क्षणाचा आला होता. ज्याला तो लोर्नाचा निरोप समजला ते पाणी होतं. बांधातून पाझरणारं साधं तळ्याचं पाणी.

तरीही त्याने हार मानली नाही, आणि खरी चूक झाली ती इथे. जूनच्या आरंभी मिस लूमिस पुन्हा येणार होत्या. वेंडेलने आदल्या दिवशी बागेतली नळी बांधापर्यंत ओढली, तिला फिरता फवारा लावला आणि तो थेट लोर्नाच्या झाडाखाली चालू केला. विचार असा, की ओल दिसली तर म्हणता येईल, "अहो, मीच पाणी घालतोय." बँडमध्ये एखादं पोर बेसूर वाजवू लागलं की तो ढोलवाल्याला जोरात वाजवायला सांगायचा, त्यातलाच हा प्रकार.

मिस लूमिस आल्या. फवारा पाहिला. झाडाला कधीच पाणी लागत नाही असं मागच्या खेपेला याच गृहस्थांनी कौतुकाने सांगितलं होतं, ते त्यांना आठवत असावं. त्यांनी जाऊन नळ बंद केला, पिशवीतून सँडविच काढलं आणि लोर्नाच्या बाकावर बसल्या.

"बसा ना, मिस्टर प्रुएट. जरा सुकू दे."

वेंडेल बसला. सवयीने त्यांच्या उजवीकडे. त्यांनी अर्धं सँडविच पुढे केलं, आणि त्याला इतकी लाज वाटली की त्याने ते घेतलं. ऊन चढलं. आजूबाजूचं गवत सुकलं. झाडाच्या बुंध्याशी मात्र पाण्याची एक बारीक धार तशीच वाहत राहिली. मिस लूमिसनी एक काचेचा पेला तिच्याखाली धरला आणि त्याच्यासमोर आणला. पाणी गढूळ होतं.

"स्वच्छ पाझर असता तर मी एवढी घाबरले नसते," त्या म्हणाल्या. "गढूळ म्हणजे माती वाहून येतेय. बांध आतून पोकळ होतोय." मग त्यांनी खालच्या खोऱ्याकडे बोट केलं. शिबिरातली मुलं रांगेने जेवायला चालली होती. कुणीतरी शिट्टी वाजवत होतं, आणि ते बेसूर होतं. "तुम्ही शिक्षक होतात ना?"

एवढंच म्हणाल्या त्या. वेंडेलला साऱ्या जन्मात कुणी इतकं बोललं नव्हतं. सँडविचचा घास तोंडातच राहिला.

"काय करायचं, सांगा," तो म्हणाला.

तळं रिकामं करायचं होतं, आजपासून, आणि ते होईपर्यंत शिबिर दुसरीकडे. बांधात एक झडप होती, पाणी सोडण्याची, पण बिल्डर फ्लोरिडाला गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. डॅरलने हात लावला. चाक त्याच्या हातात आलं, झडप जागेवरच राहिली. मग मोठाले पंप आले. डॅरलने "यातलं मला विचारा" म्हणत एका पाईपचं तोंड स्वतः बसवलं, आणि ते सुटून पहिली धार नॅडीनच्या नव्या पडद्यांवर गेली. चार जुलै आला तेव्हा तळ्याच्या जागी चिखल होता. सजवलेल्या नावा धक्क्यांना टेकून कलंडल्या होत्या आणि त्यांच्यावरचे झेंडे एका बाजूला झुकले होते. लोक वेंडेलला पाहून रस्ता ओलांडू लागले. एकाने त्याच्या टपालपेटीत मेलेला मासा टाकला. वेंडेलने तो मुकाट्याने बागेत पुरला. आपण यालाच लायक आहोत असं त्याला वाटत होतं.

कंत्राटदाराची माणसं झाडं कापायला आली तेव्हा वेंडेल म्हणाला, बाकीची तुम्ही कापा, एक मी कापणार. त्याने आणलेली करवत स्वयंपाकघरातल्या सुरीपेक्षा थोडीच मोठी होती. बुंध्यात बोटभर गेली आणि अडकली. पुढेही जाईना, मागेही येईना. कामगार सिगारेट ओढत दुसरीकडे बघू लागले. तेवढ्यात डॅरल उतारावरून घसरत-बसत आला, हातात दोन मुठींची लांब करवत.

"ती धर तिकडून," तो म्हणाला. "आणि तालात ओढ. ताल तरी येत असेल ना तुला?"

दोघांनी मिळून लोर्नाचं झाड कापलं. झाड पडलं तेव्हा डॅरलने टोपी काढली, आणि वेंडेलला त्याचं इतकं बरं वाटलं की त्याने तोंड फिरवून घेतलं. मग यंत्राने बुंधा उपटला. एक मूळ संपता संपेना. बांधाच्या पोटातून, पाण्याच्या दिशेने सरळ गेलेलं. लोर्नालाही एकदा कुठे जायचं ठरलं की कुणी अडवू शकत नसे.

शरद आला. बांधाचं पोट खणून, खडी-वाळू घालून, माती ठोकून तो पुन्हा भरला गेला आणि त्यावर गवत पेरलं. अध्यक्ष या नात्याने वेंडेलने दोन्ही टोकांना स्वतःच्या हातांनी पाट्या ठोकल्या: बांधावर पाय ठेवू नये. तळ्यात पाणी सोडायची परवानगी अजून यायची होती. तोवर संघाने सफाईचा दिवस ठरवला. सगळ्यांनी सुकलेल्या तळात उतरून कचरा गोळा करायचा आणि मग राजमा-खिम्याचं गरम कालवण खायचं. तळातून काय काय निघालं. खुर्च्या, गॉल्फच्या काठ्या, एका गृहस्थाचे दात. जो तो दुसऱ्याचं ओळखत होता आणि स्वतःचं ओळखत नव्हता.

"वेंडेल, इकडे ये," डॅरलने हाक मारली. तो वेंडेलच्याच धक्क्याच्या टोकाखाली उभा होता. पायाशी एक लांब काळी पेटी, चिखलाने माखलेली. पेटीला कपडे वाळवायची दोरी गुंडाळली होती आणि दोरीला बिडाचा जड तवा बांधला होता. तो तवा वेंडेलने लगेच ओळखला. चर्चच्या जेवणात कुणीतरी तो लांबवला असं लोर्ना सांगायची. किती हळहळली होती त्या तव्यासाठी.

डॅरलने दोरी बाजूला सरकवून पेटी उघडली. आत ट्रॉम्बोन होता, हिरवा पडलेला, चिखलाने भरलेला.

डॅरलने दोरी हातात घेतली.

"दोरीची गाठ बघ," तो म्हणाला. "बाईमाणसाची गाठ आहे." आणि मग, जरा थांबून, "म्हणजे तो केक… मला वाटायचं तिला माझी दया येते."

"डॅरल," वेंडेल म्हणाला, "मी शेरीफला…"

"जाऊ दे. टॉर्च मारून बघितलं त्याने टाकीत. त्याला त्याची शिक्षा तिथेच मिळाली." डॅरलने पेटी उचलून त्याच्या हातात दिली. "केक मात्र चांगला असायचा रे. आता कोण देणार?"

संध्याकाळी सगळे कालवण खायला गेले. वेंडेल गेला नाही. तो पेटी घेऊन बांधाकडे निघाला. त्याच्या डोक्यात नुसता कल्लोळ होता. रोज संध्याकाळी धक्क्यावर तो वाजवत असताना मागे उभी राहून लोर्ना ऐकायची, "सुंदर" म्हणायची, आणि त्याने ते खरं मानलं होतं. एवढं सहन होत नव्हतं तर सांगायचं होतं. त्याने बंद केलं असतं. केलं असतं का? आणि ती गेल्यापासून त्या झाडाखाली बसून त्याने तिला सगळं सगळं सांगितलं, फवाऱ्याची लबाडीसुद्धा, आणि तिने मात्र ही एवढी गोष्ट पोटात ठेवली होती. ती गेल्यापासून पहिल्यांदाच त्याच्याकडे तिच्याशी भांडायला काहीतरी नवीन होतं. खूप होतं. आणि झाड तेवढं नव्हतं.

बांधाच्या टोकाला त्याची स्वतःचीच पाटी होती. पाय ठेवू नये. पलीकडे, जिथे बाक होता तिथे, पोपटी गवताची कोवळी पाती उगवली होती. वेंडेल पाटीपाशी थांबला. पेटी खाली ठेवली, घसा साफ केला. तोंड उघडलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की ही तिची डावी बाजू आहे.

त्याने पेटी उचलली, सगळ्या रिकाम्या तळ्याला वळसा घातला, बांधाच्या दुसऱ्या टोकाच्या पाटीपाशी जाऊन उभा राहिला आणि मग भांडायला सुरुवात केली.